विश्लेषण : स्थानक आले की शहर वाढते का? जपानचा अनुभव शिरपूरला काय सांगतो?

मनमाड-इंदूर रेल्वेमार्गामुळे शिरपूर पहिल्यांदाच रेल्वेच्या नकाशावर येणार आहे. रेल्वे आली की जमिनीचे भाव वाढतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण भाव वाढणे आणि शहर वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमध्ये एकाच दिवशी सुरू झालेल्या दोन स्थानकांपैकी एकाभोवती मोठे व्यापारी केंद्र उभे राहिले, दुसऱ्याभोवती अनेक वर्षे शेतेच राहिली. असे का झाले आणि शिरपूरने त्यातून काय घ्यावे?

शिरपूरपर्यंत रेल्वे कशी येणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मनमाड-इंदूर नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये, नवी स्थानके ३० आणि काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट २०२८-२९. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील सहा जिल्ह्यांतून हा मार्ग जाईल. सुमारे एक हजार गावे आणि ३० लाख लोकसंख्या त्याने जोडली जाईल, तर वर्षाला २ कोटी ६० लाख टन मालवाहतूक होईल, असा सरकारचा अंदाज आहे. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर आणि पुढे सातपुडा ओलांडून सेंधवा अशी त्याची दिशा आहे. यातील धुळे-नरडाणा या टप्प्याचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्येच झाले होते.

आज शिरपूरकरांना रेल्वे पकडायची तर सुरत-भुसावळ मार्गावरील नरडाणा किंवा थेट धुळे गाठावे लागते. तालुक्यातील कापूस, सूत, केळी, पपई सारे काही मुंबई-आग्रा महामार्गावरून ट्रकने जाते. सूतगिरण्या, वस्त्रोद्योग आणि तापीकाठच्या शैक्षणिक संकुलांमुळे बाहेरगावच्या लोकांची ये-जाही मोठी आहे. म्हणजे माल आहे, प्रवासी आहेत. नाही ती फक्त रेल्वे.

रेल्वेने खान्देशात आधी काय घडवले?

खान्देशाला हा अनुभव नवा नाही. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे आली आणि भुसावळ हे जंक्शन म्हणून वाढले. इंजिनांची देखभाल आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती यांवरच ते गाव मोठे झाले. जळगावची वाट वेगळी होती. तिथे रेल्वेबरोबर कापसाचा बाजार आला, जिनिंग-प्रेसिंग आले. १९०६ मध्ये खान्देशाचे विभाजन झाले तेव्हा पूर्व खान्देशाचे मुख्यालय जळगावला झाले. धुळे हे जुने जिल्हा ठिकाण, पण तिथे १९०० मध्ये चाळीसगावहून आलेला फाटा धुळ्यातच संपला. मुख्य मार्गावरची गाडी आणि फाट्यावरची गाडी यांतला फरक धुळ्याने शतकभर अनुभवला.

मनमाडचे उदाहरण शिरपूरने आवर्जून पाहावे. महत्त्वाचे जंक्शन, अन्न महामंडळाची गोदामे, जवळच पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो, असे सारे असूनही हे शहर वर्षानुवर्षे पाणीटंचाईसाठी ओळखले गेले. रेल्वे माल आणते, माणसे आणते, पण नळाला पाणी आणत नाही.

जपानमध्ये वेगळे काय झाले?

जपानमधील खासगी रेल्वे कंपन्यांनी तिकिटाइतकेच लक्ष जमिनीकडे दिले. या पद्धतीचे जनक म्हणून ओसाकाच्या हांक्यू कंपनीचे कोबायाशी इचिझो ओळखले जातात. १९१० मध्ये त्यांची गाडी ओसाकातील उमेदाहून ताकाराझुकाकडे धावू लागली, तेव्हा वाटेत बहुतेक शेतेच होती. प्रवासी नाहीत म्हणून रडत न बसता कंपनीने मार्गालगत जमीन घेतली, घरे बांधली आणि नोकरदारांना हप्त्याने विकली. मार्गाच्या शेवटच्या टोकाला, ताकाराझुकाला, १९१४ मध्ये मुलींच्या नाट्यसंगीताचे प्रयोग सुरू केले. शहराकडच्या टोकाला, उमेदा स्थानकातच, १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर उघडले. सकाळी लोक नोकरीला, दुपारी खरेदीला आणि सुट्टीत करमणुकीला त्याच गाडीने जाऊ लागले. स्थानकामुळे जमिनीची वाढलेली किंमत दलालाच्या खिशात न जाता रेल्वेच्या तिजोरीत आली.

उमेदा म्हणजे मुळात भराव टाकून केलेल्या शेतांचा भाग. १८७४ मध्ये ओसाकाचे स्थानक तिथे, तेव्हाच्या शहराच्या कडेला उभे राहिले. आज तो शहराचा सर्वांत गजबजलेला भाग आहे. स्थानकालगतचे जुने मालधक्क्याचे आवार रिकामे झाल्यावर तिथे २०१३ पासून टप्प्याटप्प्याने कार्यालये, दुकाने, हॉटेले उभी राहिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मोठे सार्वजनिक उद्यानही खुले झाले.

एक स्थानक फुलले, दुसरे का नाही?

१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका शिंकान्सेन ही जगातील पहिली अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. त्या दिवशी सुरू झालेल्या स्थानकांत शिन-योकोहामा आणि गिफू-हाशिमा ही दोन होती. दोन्ही मूळ शहरांपासून दूर, भातशेतीत.

शिन-योकोहामालाही पहिली अनेक वर्षे फार काही घडले नाही. सुरुवातीला तिथे फक्त सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्याच थांबत. चित्र पालटले ते तीन गोष्टींनी. स्थानकाच्या उत्तर बाजूला शहर प्रशासनाने जमिनींची फेरमांडणी करून रस्ते आणि आयताकृती भूखंड तयार ठेवले होते. १९८५ मध्ये मेट्रो तिथे पोहोचली. आणि जलद गाड्यांचे थांबे वाढत गेले, २००८ पासून तर प्रत्येक गाडी थांबू लागली. गंमत म्हणजे त्याच स्थानकाच्या दक्षिण बाजूला फेरमांडणीला विरोध झाला आणि योजना रखडली. परिणामी एका दाराने बाहेर पडले की उंच इमारती आणि दुसऱ्या दाराने अरुंद गल्ल्या, असे दृश्य तिथे दिसत आले आहे. स्थानक तेच, गाड्या त्याच. फरक फक्त नियोजनाचा.

गिफू-हाशिमा मात्र गिफू शहरापासून दूर राहिले. जोड देणारी स्थानिक रेल्वे यायला १९८२ उजाडले. तोवर लोकांच्या सवयी ठरून गेल्या होत्या.

फेरमांडणी म्हणजे नेमके काय?

समजा एखाद्या परिसरात शंभर शेतकऱ्यांचे वेडेवाकडे तुकडे आहेत. सरकार ती जमीन संपादित करत नाही. प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा घेतला जातो. त्यातून रस्ते, गटारे, बाग, शाळेची जागा निघते आणि थोडी जमीन विकून कामाचा खर्च भागवला जातो. उरलेली जमीन रस्त्याला लागून असलेल्या नीट भूखंडाच्या रूपात त्याच शेतकऱ्याला परत मिळते. क्षेत्र कमी होते, किंमत वाढते आणि मालकी कायम राहते.

महाराष्ट्रासाठी ही परकी कल्पना नाही. मुंबई प्रांतात १९१५ मध्येच नगररचना कायदा झाला होता आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ‘नगररचना योजना’ या नावाने हीच तरतूद आहे. स्थानक आणि शहर एकत्र उभारण्याचा अनुभवही राज्याकडे आहे. नवी मुंबईत उपनगरी रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला आणि वाशीसारख्या स्थानकांवर कार्यालयांची संकुले बांधली. जमिनीच्या पैशातून रेल्वे आणि रेल्वेमुळे जमिनीला किंमत, असे ते चक्र होते.

शिरपूरपुढे धोके कोणते?

पहिला धोका घाईच्या जमीनविक्रीचा. जपानमध्येही शिन-योकोहामाचा मार्ग जाहीर होण्याच्या सुमारास दलालांनी शेतजमिनी घेतल्याची मोठी चर्चा झाली होती. शिरपूर तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याचा आणि पावरा, भिल्ल वस्तीचा आहे. त्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर कायद्याने कडक निर्बंध आहेत. तरीही कब्जा, भाडेपट्टा, तोंडी व्यवहार अशा पळवाटा शोधल्या जातात. सर्वांत कमी माहिती ज्याच्याकडे, तोच सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात विकतो.

दुसरा धोका बेशिस्त बांधकामाचा. स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आधी गाळे, मग बिनमंजुरीचे प्लॉट आणि शेवटी रुंदीकरणासाठी पाडापाडी, हा क्रम अनेक गावांनी पाहिला आहे. तिसरा धोका तुटकपणाचा. स्थानक शहरापासून अंतरावर असेल आणि तिथे एसटी, रिक्षा, मालाचा ट्रक सहज पोहोचत नसेल, तर लोक महामार्गावरच थांबतील.

मग आत्ता काय करता येईल?

२०११ च्या जनगणनेत शिरपूर-वरवाडे पालिकेची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास होती. एवढ्या शहराला ओसाका व्हायचे नाही. पण मार्गाची आखणी पक्की होताच स्थानक परिसराची नगररचना योजना जाहीर करणे, स्थानक ते बसस्थानक असा पुरेसा रुंद रस्ता कागदावर आधीच राखून ठेवणे, मालधक्का आणि शीतगृहाची जागा प्रवाशांच्या वाटेपासून वेगळी ठेवणे, ही कामे रुळ पडण्याआधीची आहेत. नंतर ती दसपट महाग पडतात. बाजूलाच नरडाण्याची औद्योगिक वसाहत असल्याने कोणता माल कुठे चढवायचा, याचा विचारही दोन्ही तालुक्यांना मिळूनच करावा लागेल.

एका बाबतीत शिरपूर मनमाडपेक्षा सुदैवी आहे. नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभारणारा ‘शिरपूर पॅटर्न’ इथेच घडला आणि भूजल वाढवण्याचा अनुभव तालुक्याकडे आहे. पाणी आधी आणि पीक नंतर, हे गणित ज्या गावाने शेतीत मांडले, त्याला रस्ता आधी आणि इमारत नंतर हे समजायला जड जाऊ नये. इंदूरकडे जाणारी गाडी शिरपूरला थांबेल ती दोन-चार मिनिटेच. त्या थांब्याचे शहरात रूपांतर करण्याचे काम मात्र रेल्वे खाते करणार नाही. ते पालिका, तालुका आणि जमीनधारक शेतकऱ्यांनाच करावे लागेल.