आठ दिवसांचा माल

चारठाण्याला बाहेरचा माणूस येतो तो दगडासाठी. जिंतूर तालुक्यातलं हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते गोकुळेश्वराचं मंदिर, तिथली बारव आणि सुटा उभा असलेला कोरीव स्तंभ यांच्यामुळे. अशा गावात आठ दिवसांत शिळ्या होणाऱ्या मालाचा मागोवा घ्यायचा म्हणजे उलटी गंगाच. पण गेल्या तीसेक वर्षांत या भागातल्या घरांत काय आलं आणि काय गेलं, ते मंदिराच्या ओट्यापेक्षा दुकानाच्या माळ्यावर लवकर कळतं.

नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांतल्या ‘जनरल स्टोअर्स’च्या पाटीला ‘अँड गिफ्ट सेंटर’ अशी शेपटी फुटली. आतला माल फारसा बदलला नाही. टिकल्या, बांगड्या, गंगावनं, वह्या होत्याच. एका फळीवर प्लास्टिकच्या डबीतला ताजमहाल आला, एवढंच. दुकान तगायचं ते सीझनवर. संक्रांतीचं वाण, होळीच्या पिचकाऱ्या आणि साखरेच्या गाठ्या, उन्हाळ्यातले आहेर, मग राख्या, पोळा, गणपती, महालक्ष्म्या आणि दिवाळी. माल परभणी-जालन्याहून यायचा, मोठी खरेदी हैदराबादच्या बेगम बाजारात. निजामाचं राज्य १९४८ला संपलं, तरी मराठवाड्यातल्या व्यापाऱ्याची जुनी वाट काही मोडली नाही. दिवाळीचा गल्ला आधी कापसावर ठरायचा, नंतर सोयाबीनवर. ऐन काढणीत पाऊस लागला की आकाशकंदील पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर.

या सगळ्यांत पोळ्याचा सीझन खरा. श्रावणी अमावास्येच्या आधी आठ दिवस दुकानाच्या दारात कासरे, वेसणी, म्होरक्या, गोंडे, घागरमाळा, बाशिंगं आणि बेगडाचे ताव लटकायचे. खांदेमळणीच्या दिवशीही माणसं धावत यायची, कारण एका बैलाला नवा गोंडा आणि दुसऱ्याला जुना, हे चालत नसे. घासाघीस व्हायची ती बायकापोरांच्या खरेदीत. बैलाच्या साजात कुणी फार ताणून धरत नसे. पुढे ट्रॅक्टर वाढले. त्यात २०१२-१३ आणि २०१५-१६चे दुष्काळ आले, चाऱ्यापायी अनेकांच्या दावणी मोकळ्या झाल्या. पोळा बंद पडला नाही, पण गिऱ्हाईक बदललं. ज्याच्या घरी बैल नाही तो मातीची जोडी पुजतो, आणि कुंभाराच्या कच्च्या बैलांशेजारी आता प्लास्टरचे रंगीत बैल मांडलेले असतात. गंमत अशी की, गोठ्यातून बैल हलला त्याच काळात गिफ्टच्या फळीवर लाकडी बैलगाडी चढली. निवृत्तीच्या सत्कारात आणि वास्तुशांतीत ती काचेच्या पेटीत बसून मिरवते. तिचं गिऱ्हाईक बहुतेक तेच घर असतं जिथल्या खऱ्या गाडीची चाकं सरपणात गेली.

गणपतीतली तऱ्हा आणखी वेगळी. बाराव्या-तेराव्या शतकातली दगडी देवळं परिसरात उभी असताना लोक घरी थर्माकोलचं देऊळ नेत होते, तेही गोपुराचं आणि चमकीचं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. हलकं होतं, स्वस्त होतं, पोराला सायकलवर धरून नेता येत होतं. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि मखरांचा हा धंदा कायद्याने बसला. पुठ्ठ्याची आणि कापडाची मखरं आली, पण आधीच भरून ठेवलेल्या मालाला वाली राहिला नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे मात्र या फेऱ्यात कधीच सापडले नाहीत. तेही सीझनलाच विकले जातात, पण पितळी मुखवटा एकदा घरात आला की सासूकडून सुनेकडे जातो. दुकानदाराच्या दृष्टीने हे वाईट गिऱ्हाईक, पुन्हा फिरकतच नाही!

शुभेच्छापत्रांचा बहर सगळ्यांत आखूड. दिल्लीत १९७९मध्ये सुरू झालेल्या आर्चीजने मोठ्या शहरांना कार्डाची चटक लावली. तालुक्यांत आणि खेड्यांत पोचली ती स्वस्त, बिननावाची कार्डं: मावळता सूर्य, दोन हंस, गुलाब आणि इंग्रजीतल्या चार ओळी, ज्या पाठवणाऱ्यालाही नीट लागत नसत. शाळकरी पोरं नव्या वर्षाला ती एकमेकांना द्यायची. मे २००३पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, मग एसएमएस अंगवळणी पडला, पाठोपाठ व्हॉट्सअॅप, आणि दिवाळीला कार्ड ठेवणं दुकानदाराला परवडेना. उरलेले गठ्ठे रद्दीत गेले. जी थोडी वाचली, त्यांच्यावर आता ‘विंटेज’ अशी चिठ्ठी लावून शहरांत विक्री होते.

आहेराचंही तेच. लग्नात नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ हवाच, असा एक काळ होता, आणि घड्याळ म्हणजे एचएमटी. बंगळुरूचा कारखाना १९६१चा, जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने उभा राहिलेला. क्वार्ट्झची स्वस्त घड्याळं आली तशी चावीची ‘जनता’ कपाटाच्या तळाशी गेली. २०१६मध्ये केंद्राने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायला मंजुरी दिली, आणि शहरी संग्राहक तीच ‘जनता’ नि ‘पायलट’ शोधू लागले. खेड्यातला आहेर मात्र भिंतीवरच्या घड्याळावर स्थिरावला. खाली ‘सप्रेम भेट’, त्याखाली देणाऱ्याचं नाव. २०२०ला पाडव्याच्या दिवशीच, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली आणि लग्नसराई गेली. नावं घालायची राहिलेली घड्याळं तशीच खोक्यात राहिली.

जपण्यासारखं जे खरोखर होतं, ते याआधीच बाहेर पडलं होतं. स्टेनलेस स्टील आलं तेव्हा तांब्या-पितळेची घागर, समई, पानाचा डबा मोडीच्या भावाने गेला. भिंतीवरच्या रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी गेल्या. १८९४मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्या छापखान्याने खेड्यापर्यंत देव पोचवले होते. फेरीवाल्याने काच-चौकटीचे पैसे दिले, चित्राचे नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू, अडकित्ते, दिवे, दौती, गावोगाव फिरून जमवल्या आणि तो संग्रह सरकारला दिला. मराठवाड्याच्या या टोकाला असा वेडा माणूस भेटला असता तर, असं राहून राहून वाटतं.

आता लोक दुकानात विचारायला येतात ते नोटा-नाण्यांचं. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं, शेवटी ७८६ असलेली नोट. मोबाइलवर कुणीतरी लाखाचा भाव सांगितलेला असतो. अशा व्यवहारांत ‘शुल्क’ म्हणून आगाऊ पैसे उकळले जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता; तो गावापर्यंत पोचेपर्यंत काहींचे पैसे गेलेले असतात. खरं मोलाचं नाणं मात्र कुणी विचारायला आणत नाही. निजामाचा हाली रुपया, चारमिनारचा छाप असलेला. कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर तो महबूब अली खानाचा, म्हणजे १९११पर्यंतचा. ‘ऐन’ असेल तर उस्मान अलीचा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणजे ‘मीम’वाला रुपया केव्हाच त्या रेषेपलीकडे गेला, ‘ऐन’वाल्यांतले सुरुवातीचेही गेले. पण तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या साजात किंवा एखाद्या म्हातारीच्या कनवटीला असलेला हा रुपया गिफ्ट सेंटरला येतच नाही. तो अडीनडीला सोनाराकडे जातो, आणि सोनार त्याला चांदीच्या वजनावर घेतो.