बिऱ्हाड चाकांवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. अमेरिकेतील अनेक कुटुंबांचे ते चाकांवर असते. घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून ही माणसे गाडीत राहायला जातात. सुटीपुरती नव्हे, बाराही महिने. या गाडीला तिकडे 'आरव्ही' म्हणतात. काही गाड्या बससारख्या स्वतः धावणाऱ्या, तर काही पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायच्या. मोठी गाडी तीस-चाळीस फूट लांब असते. रुंदी मात्र साधारण साडेआठ फूटच. एवढ्या जागेत ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, बिछाने आणि मुलांची दप्तरे. मुक्कामाला थांबल्यावर बटण दाबले की एखादी भिंत थोडी बाहेर सरकते आणि बसायला जरा ऐसपैस होते.

या घरात सकाळी पहिली नजर जाते ती टाक्यांकडे. टाक्या तीन प्रकारच्या : एक चांगल्या पाण्याची, दुसरी मोरी-आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मुक्कामाच्या जागी नळ आणि गटाराची जोडणी मिळाली तर प्रश्न नसतो. ती नसेल तर दीड-दोनशे लिटर पाण्यात चार माणसांचे दिवस काढायचे असतात. अंग ओले करायचे, नळ बंद, साबण लावायचा, पुन्हा नळ सुरू, की झाली आंघोळ. गरम पाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत २३ लिटरच्या आसपास. पहिल्याने जास्त वापरले तर दुसऱ्याला थांबावे लागते. खरकटी भांडी आधी कागदाने पुसायची, मग थोड्या पाण्यात धुवायची. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते, तिथल्या गृहिणीला यातले काही समजावून सांगायला नको.

टाक्या भरल्या की त्या रिकाम्या करण्याचे काम घरातल्याच कोणाला तरी करावे लागते. हातमोजे घालायचे, जाड पाइप जोडायचा, आधी संडासाची टाकी सोडायची आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. या कामाला बाहेरचा माणूस येत नाही. आपल्या घराची घाण कुठे जाते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

विजेचेही तसेच. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकदम लावले की वीज खटकन जाते. म्हणून एकाने काही सुरू करण्याआधी दुसऱ्याला विचारायचे. गाडी उभी करताना गवंड्यासारखी पाणसळ लावून पाहायची आणि चाकांखाली ठोकळे सरकवून ती सपाट करायची. गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर नीट गार होत नाही. निघताना कपाटांच्या कड्या, सरकती भिंत, पाण्याची नळी, विजेची तार असे एकेक तपासावे लागते. एक कडी विसरली तर पहिल्या वळणावर बशा जमिनीवर.

मुलांच्या शाळेचे काय? अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवणे कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. कुठे दरवर्षी चाचणी द्यावी लागते, कुठे कळवावेही लागत नाही. जेवणाचे टेबल आवरले की तोच बाक होतो. राष्ट्रीय उद्यानांत मुलांसाठी 'ज्युनियर रेंजर' उपक्रम असतो. पुस्तिकेतील कामे पूर्ण करून, निसर्ग जपण्याची शपथ घेतली की बिल्ला मिळतो. दगड, पक्षी, इतिहास मुले जागेवर जाऊन शिकतात. मैत्री मात्र दोन दिवसांत करायची आणि तिसऱ्या दिवशी हात हलवून निरोप द्यायचा. पावसाच्या दिवशी आई गणित शिकवत असते, वडील ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऑफिसच्या मीटिंगला बोलत असतात, आणि रुसून बसायला कोपराही मोकळा नसतो.

घर फिरते असले तरी सरकारला पत्ता स्थिर लागतो. लायसन्स, कर, मतदान, बँक, सगळीकडे तोच प्रश्न. म्हणून अनेक जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडाचे रहिवासी होतात. या राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवाही आहेत. पत्ता कागदावर मिळतो. दुखण्याच्या वेळी तो अपुरा पडतो. आरोग्यविमा बहुधा ठरावीक भागातील दवाखान्यांशी बांधलेला असतो. दूरच्या राज्यात मूल आजारी पडले, तर औषधाआधी बिलाची काळजी सुरू होते.

सगळेच हौसेने निघालेले नसतात. घरभाडे झेपेना म्हणून, २००८ च्या मंदीत घर गेले म्हणून गाडीत आलेलेही पुष्कळ आहेत. अशा वृद्धांवर जेसिका ब्रूडर यांनी लिहिलेले 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात काही खऱ्या भटक्यांनीच भूमिका केल्या. ही माणसे हंगामी कामांच्या मागे फिरतात. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर साखरबिटाची काढणी असते. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात. मजुरीसोबत गाडी उभी करायला जागा, पाणी आणि वीज मिळते.

साखरेसाठी घर सोडणारी माणसे महाराष्ट्राला नवी नाहीत. दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड मजूर बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्या कोपीला ना टाकी ना नळ, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. दोन्हीकडे संसार चाकांवर चढतो. तरी जो हवे तेव्हा थांबू शकतो, त्याचा तो प्रवास असतो. ज्याला थांबता येत नाही, त्याची ती वणवण.

हातपाय थकले की हा प्रश्न हौशी भटक्यांपुढेही येतो. सरकारी मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येते, मग हलावेच लागते. स्टिअरिंग धरवेना, तेव्हा हलायचे कसे? टेक्सासमधील लिव्हिंगस्टन गावी यावर उत्तर शोधले गेले. १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीधारकांच्या संघटनेशी जोडलेले एक सेवाकेंद्र तिथे आहे. थकलेली, आजारी माणसे आपापल्या गाडीतच राहतात. जेवण आणि देखभाल केंद्रात मिळते. मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांत रस्त्यावरचे इतर आरव्हीवालेही असतात. काही आठवडे गाडी तिथे लावायची, कोणाला दवाखान्यात न्यायचे, स्वयंपाकघरात हात लावायचा आणि पुढे निघायचे.

आपल्याकडच्या जुन्या धर्मशाळा आणि मुसाफिरखाने याच विचाराने बांधले गेले होते. आलेल्याला पाणी, भाकरी आणि रात्रीपुरते छप्पर द्यायचे. लिव्हिंगस्टनच्या त्या आवारातल्या गाड्यांच्या चाकांखाली आता कायमचे ठोकळे आहेत. जेवणाची वेळ झाली की आतले म्हातारे हळूहळू पायऱ्या उतरतात आणि शेजाऱ्याच्या दारावर टकटक करून त्यालाही सोबत घेऊन जातात.