पोथीचे छायाचित्र आणि अनुस्वाराचा ठिपका

जुन्या पोथ्यांची व कोरीव लेखांची छायाचित्रे जमवून त्यांचे पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध करणे हे आता एकट्या अभ्यासकासही शक्य झाले आहे. शे-दोनशे प्रतींची छपाई पूर्वी परवडत नसे. संगणकीय मुद्रणयंत्रांमुळे ती परवडू लागली. तथापि जे काम पूर्वी ब्लॉक करणारा कारागीर करीत असे, ते आता संपादकाच्या अंगावर आले आहे. कृष्णधवल चित्र छपाईस योग्य करणे हे ते काम होय. अशा पुस्तकातील चित्र ही शोभा नसून पुरावा असतो. संपादकाचे वाचन वाचकास मान्य नसेल, तर तो चित्राकडे वळणार. आणि चित्रच खोटे बोलले, तर त्यास दुसरा आधार उरत नाही.

हे खोटे बोलणे बहुधा एका ठिपक्यापुरते असते. जुन्या मराठीत 'केले' हे पुल्लिंगी अनेकवचन, तर 'केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन. 'देवें' यातील तृतीया आणि 'घरीं' यातील सप्तमी यांची खूणही अनुस्वारच. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढून टाकले, त्यामुळे आजच्या वाचकास तो गळलेला जाणवतही नाही. शिवाय लेखनिक स्वतःही अनुस्वाराच्या बाबतीत नेहमी काटेकोर नसत. म्हणून कोणत्या जागी तो दिला आहे आणि कोणत्या जागी नाही, हीच अभ्यासाची सामग्री ठरते. 'ध'चा 'मा' करण्यास निदान हेतू तरी लागतो. 'केलें'चे 'केले' करण्यास थोडी बेपर्वाई पुरते.

प्रथम आकाराचा हिशेब पाहू. पोथीचे पान ३० सेंटिमीटर रुंद आणि पुस्तकातील छपाईची रुंदी ११ सेंटिमीटर असेल, तर मूळचा १ मिलिमीटरचा अनुस्वार सुमारे ०.३७ मिलिमीटरचा होतो. छपाईत करडा रंग हा स्वतंत्र रंग नसतो. काळ्या शाईच्या लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीने तो भासविलेला असतो. दर इंचास १५० रेषांच्या जाळीत एका ठिपक्याच्या घराची रुंदी ०.१७ मिलिमीटर येते. म्हणजे अनुस्वाराच्या वाट्यास जेमतेम दोन घरे येतात. १०० रेषांच्या जाळीत तर दीडही येत नाही. अशा स्थितीत अनुस्वार कोणता आणि जाळीचा ठिपका कोणता, हे सांगणे कठीण होते. यास्तव पोथीचे पान पुस्तकात आडवे न बसविता उभे फिरवून छापावे, किंवा त्याचे दोन भाग करून एकाखाली एक द्यावेत. समोरासमोरच्या दोन पानांवर चित्र पसरले, तर शिवणीत नेमके एखादे अक्षर नाहीसे होते. छापावयाच्या प्रत्यक्ष आकारात दर इंचास ३०० पिक्सेल असावेत, हा नियम सर्वत्र सांगितला जातो व तो बरोबरही आहे; परंतु चित्रच लहान छापले, तर पिक्सेल कितीही असून उपयोग नाही.

दुसरा प्रश्न रंगाचा. मूळ छायाचित्र रंगीत घ्यावे आणि त्याचे कृष्णधवल रूप नंतर करावे. त्या वेळी लाल, हिरवा व निळा या तीन थरांपैकी कोणता घ्यावा, हा निर्णय वस्तुतः पाठनिर्णयाइतकाच महत्त्वाचा आहे. काजळाची शाई तिन्ही थरांत काळीच येते. परंतु दंड, अंक किंवा अध्यायसमाप्तीची ओळ हिंगुळाने लिहिली असेल, तर लाल थरात ती कागदाच्या रंगात मिसळून दिसेनाशी होते. हिरव्या व निळ्या थरांत ती गडद उमटते. चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळ लावीत ('हरताळ फासणे' हा वाक्प्रचार याच रिवाजातून आला आहे). हा पिवळा लेप लाल व हिरव्या थरांत उजळ राहतो, आणि मग तेथे दुरुस्ती झाली होती हेच कळत नाही. निळ्या थरात तो काळवंडून स्पष्ट होतो. मात्र जुना तपकिरी कागदही त्याच थरात काळवंडतो. म्हणून मुख्य चित्रास सामान्यतः हिरवा थर घ्यावा आणि हरताळाच्या जागेपुरते निळ्या थराचे छोटे चित्र शेजारी द्यावे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग जाणवत नसे. त्यामुळे तिच्यावर घेतलेल्या चित्रांत तांबडी शाई काळीच आली आहे, आणि त्या चित्रांवरून शाईभेदाविषयी काही अनुमान काढणे धोक्याचे आहे.

कागदावर शाई पसरते, हे पुष्कळांच्या ध्यानात पुस्तक हाती आल्यावर येते. पडद्यावर ५० टक्के असलेला करडा रंग छपाईत ७० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. आर्ट पेपरवर हा फुगवटा कमी, मॅपलिथोसारख्या अस्तररहित कागदावर अधिक. पोथीचा जुना कागद पडद्यावर ३० टक्के करडा दिसत असेल, तर छापल्यावर तो ४५ च्या पुढेमागे जाईल आणि फिकट अक्षरे त्यात बुडतील. म्हणून तो १० ते १५ टक्क्यांवर आणावा, शाई ९५ च्या आत ठेवावी. कागद अगदी पांढरा करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने समास, कडा व किडीची छिद्रे नाहीशी होतात, आणि छिद्रामुळे अक्षर गेले की ते मुळात लिहिलेच नव्हते, हा प्रश्न सुटत नाही. चित्र काळ्या एकाच शाईत छापावे असे मुद्रकास लेखी कळवावे. चार शाया वापरल्या की चार जाळ्या एकमेकींवर पडतात, आणि त्या किंचित जरी सरकल्या तरी बारीक ठिपक्यांच्या कडा धूसर होतात.

सर्वांत अधिक हानी होते ती 'स्वच्छते'ने. धूळ व डाग काढण्याचे संगणकीय साधन अनुस्वार आणि डाग यांत भेद करीत नाही. कडा तीक्ष्ण करण्याचे साधन प्रमाणाबाहेर चालविले, तर कागदाच्या तंतूंचे ठिपके तयार होतात. पातळ कागदावर मागच्या बाजूची शाईही ठिपक्यासारखी डोकावते. यावर उपाय सोपा आहे: छायाचित्र घेतेवेळीच पानामागे काळा कागद ठेवावा. डाग काढावयाचाच असेल, तर मूळ पान समोर ठेवून काढावा, अस्पर्शित प्रत वेगळी जपावी आणि काय काढले ते चित्राखाली नमूद करावे.

कोरीव लेखांची गोष्ट थोडी निराळी. तेथे अक्षर शाईचे नसून सावलीचे असते. प्रकाश एका बाजूने, दगडास जवळजवळ समांतर यावा लागतो, आणि प्रकाशाच्या दिशेस समांतर असलेल्या रेषा फिक्या पडतात. म्हणून दोन दिशांनी घेतलेली दोन चित्रे द्यावीत आणि प्रकाशाची दिशा चित्राखाली सांगावी. चित्रात प्रकाश खालून आला, तर खोदलेले अक्षर उठावाचे भासते.

हे सर्व झाल्यावर सर्वांत कठीण असे एक पान निवडून, त्याच कागदावर व त्याच यंत्रावर त्याचे प्रूफ काढून घ्यावे. ते मूळ पानाशेजारी ठेवून भिंगातून ओळीओळीने अनुस्वार मोजावेत. संख्या जुळली नाही, तर कडा आणखी तीक्ष्ण करीत न बसता चित्र मोठे छापावे.