नगरच्या उन्हात सफरचंद: ऐकीव काय, खरं काय

राहुरी, राहाता, संगमनेरकडे डाळिंब-द्राक्षवाल्यांत सफरचंदाचा विषय निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक, बर्फ पडल्याशिवाय सफरचंद येतच नाही. दुसरं, कुठलंही रोप आणून लावा, नगरलाही येतं. दोन्ही चुकीची आहेत, आणि दुसरं मत जास्त महागात पडतं.

सफरचंदाला बर्फ लागत नाही, थंडीचे तास लागतात. हे झाड मूळचं मध्य आशियातलं, कझाकस्तानच्या तिएनशान डोंगरांतलं. तिथे हिवाळ्यात मधेच चार दिवस ऊब आली म्हणून डोळे फुटले, तर पुढच्या गारठ्यात कोवळी फूट जळून जाईल. म्हणून साधारण सात अंशांखालची थंडी पुरेसे तास मिळाल्याखेरीज झाडाचे डोळे नीट उघडत नाहीत. रेड डेलिशियससारख्या जातीला असे हजाराच्या आसपास तास हवेत. नगरला हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो खरा, पण ऊन चढलं की ती थंडी टिकत नाही. काश्मिरी बागेतलं रोप इथे वाढेल, पण फुलाफळाला नीट येणार नाही.

मग जात बदलावी लागते. इस्राएलमध्ये तयार झालेली ॲना आणि बहामा बेटांवरची डॉर्सेट गोल्डन या जाती थोड्या थंडीवर फुलतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी सखल, उष्ण भागासाठी एचआरएमएन-९९ ही जात पुढे आणली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या जातीची फळं जूनच्या सुमारास, म्हणजे डोंगराळ भागातला मुख्य हंगाम सुरू होण्याआधी येतात. मात्र नुसती ॲना लावून भागत नाही. चांगल्या फळधारणेसाठी तिला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून शेजारी डॉर्सेट गोल्डन लावतात.

इंडोनेशियात जावा बेटावर बातू नावाचं शहर आहे. डोंगराळ असलं तरी विषुववृत्ताजवळचं, कडक हिवाळा नाहीच. तिथले शेतकरी फळं काढल्यावर झाडाची पानं हातांनी ओरबाडून टाकतात. झाड गाढ झोपेत जाण्याआधीच नवी फूट निघते आणि वर्षाला दोन पिकंही घेता येतात. ताण देऊन, पानगळ करून डाळिंबाचा बहार धरणाऱ्या आपल्या माणसाला हे कसब परकं वाटू नये. तरीही माझं मत असं, की आधी थोडीच झाडं लावून तीन-चार वर्षं बघावीत. रोपवाटिकेने सांगितलेल्या एकरी उत्पन्नावर विसंबून डाळिंब काढू नये. रात्री उबदार असल्या की सालीवर लाली कमी चढते, आणि फिकट फळाला बाजारात भाव मिळवणं अवघड जातं.

बी पेरून तेच सफरचंद मिळतं, हाही गैरसमज. बियांतून आलेलं झाड निराळंच निघतं. जात टिकवायची तर खुंटावर डोळा भरावा किंवा कलम करावं लागतं.

चिरलेली फोड तपकिरी पडते ती लोहामुळे नव्हे. हवा लागताच फळातलं एक विकर तिथल्या फिनॉलयुक्त घटकांवर काम करतं, त्याचा तो रंग. लिंबू पिळलं की ही क्रिया मंदावते. लोह तर शंभर ग्रॅम सफरचंदात जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं.

राहिलं ॲपल बोर. ते सफरचंद आणि बोराच्या संकरातून आलेलं नाही. सफरचंद गुलाबाच्या कुळातलं, बोराचं कूळ वेगळं. दोघांचा संकर जमत नाही. ॲपल बोर ही थायलंडकडून आलेली मोठ्या फळाची बोराचीच जात आहे, गावठी बोराच्या खुंटावर तिचं कलम करतात. पाथर्डी-कर्जतसारख्या कमी पावसाच्या भागाला ती मानवते, आणि क जीवनसत्त्व बोरात सफरचंदाच्या कित्येक पट असतं.