ई-निविदा पद्धत (महाराष्ट्र)

ई-निविदा पद्धत म्हणजे शासकीय व निमशासकीय संस्थांची कामे आणि साहित्यखरेदी यांसाठी निविदा मागवणे, स्वीकारणे व उघडणे ही प्रक्रिया संगणकीय प्रणालीद्वारे पार पाडण्याची पद्धत होय. पाणीपुरवठा, वीजवितरण यांसारख्या सार्वजनिक सेवांच्या कामांतील विलंब कमी करणे, हा तिचा एक प्रमुख हेतू आहे.

राज्याचे 'महाटेंडर्स' हे संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या प्रणालीवर चालते. महावितरण कंपनीचे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. १ डिसेंबर २०१६ रोजीच्या शासकीय खरेदी नियमपुस्तिकेने तीन लाख रुपयांहून अधिक किमतीच्या खरेदीस ई-निविदा बंधनकारक केली.

== विलंबावरील परिणाम ==
कागदी पद्धतीत कोरा निविदा अर्ज कार्यालयातून विकत घ्यावा लागे. नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या जळकोट तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या कामासाठीही कंत्राटदारास लातूर गाठावे लागे. अर्ज न देणे, निविदा पेटीपाशी अडवणूक करणे, अशा तक्रारी राज्यात सर्रास होत. त्यांतून फेरनिविदा निघे आणि कामाचा हंगाम हातचा जाई. आता अर्ज, बयाणा रक्कम व दरपत्रक डिजिटल स्वाक्षरीने दूरवरून भरता येतात. तांत्रिक व आर्थिक लिफाफे ठरलेल्या वेळेपूर्वी अधिकाऱ्यांनाही उघडता येत नाहीत. शुद्धिपत्रक सर्व इच्छुकांना एकाच वेळी दिसते. त्यामुळे आक्षेपांना वाव कमी राहतो. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; अशा जिल्ह्यात योजना एक उन्हाळा पुढे गेली, तरी त्याची किंमत गावाला टँकरच्या रांगेत मोजावी लागते.

== मर्यादा ==
ही प्रणाली निविदा सूचनेपासून निविदा स्वीकृतीपर्यंतचाच काळ आटोक्यात ठेवू शकते. त्याआधीची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, उद्भवाची निवड, टाकीसाठी जागा, तसेच कामानंतरची मोजमापे व देयके बव्हंशी तिच्या कक्षेबाहेर राहतात. पुरेसे निविदाकार न आल्यास मुदतवाढ द्यावी लागते, हा नियमही तसाच आहे. दूरवरून निविदा भरणे सोपे झाल्याने एकाच कंत्राटदाराकडे झेपणार नाहीत इतकी कामे जाण्याचा धोका असतो. निविदा क्षमतेची तपासणी काटेकोर नसेल, तर कार्यारंभ आदेश वेळेत निघूनही नळ कोरडेच राहतात. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर देणाऱ्याकडून अतिरिक्त अनामत घेतली जाते, ती याच कारणाने.

जल जीवन मिशनमध्ये हे ठळकपणे दिसले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या योजनेत २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरास नळजोडणी देण्याचे उद्दिष्ट होते. पुढे मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. महाराष्ट्रात या योजनेच्या कामांच्या निविदा ऑनलाइनच निघाल्या होत्या. तरीही २०२५ मध्ये कंत्राटदारांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली.