गिऱ्हाइकाच्या हातातील पेढी

आपल्या संघाच्या सभासदांपैकी अनेकांनी अलीकडे आपापल्या पेढीचे संकेतस्थळ करवून घेतले आहे. आम्हीही २०१९ साली करविले. शहरातील एका कारागिराने ते आमच्या मेजावरील मोठ्या संगणकावर उघडून दाखविले, तेव्हा धान्याच्या राशींची रंगीत चित्रे आणि सोनेरी अक्षरांतील पेढीचे नाव पाहून आम्ही संतुष्ट झालो व ठरलेली रक्कम चुकती केली. मात्र हेच संकेतस्थळ जोयडा तालुक्यातील किरकोळ दुकानदाराच्या मोबाईलवर कसे दिसते, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही.

रामनगरपासून आत, जंगलाच्या कडेला आमचे एक जुने गिऱ्हाईक आहे. व्यवहार तीस वर्षांचा, उधारी कधी थकलेली नाही. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरी मुठीत तांदूळ घेऊन तो जुना की नवा हे ते आजही अचूक सांगतात. त्यांची मागणी हळूहळू बंद झाली. दुकान मंदावले असेल, किंवा आमच्या हातून काही आगळीक घडली असेल, असे आम्ही समजलो. पुढे एका लग्नात भेट झाली तेव्हा ते म्हणाले, "शेटजी, मोबाईल मला सगळे वाचून दाखवतो. तुमचे दुकान उघडले की नुसते 'इमेज, इमेज' म्हणतो. भाव काय तो सांगतच नाही." ज्याची दरपट्टी त्यांच्या मोबाईलला वाचता येत होती, अशा दुसऱ्या व्यापाऱ्याकडून ते माल घेऊ लागले होते.

झाले होते ते असे. आमचा मुनीम रोजचे भाव कागदावर लिहून त्याचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवीत असे. डोळस माणसास ते वाचता येते; परंतु अँड्रॉइड मोबाईलमधील टॉकबॅक किंवा संगणकावरील एनव्हीडीए यांसारख्या वाचक-प्रणालीस चित्रातील अक्षरे सहसा कळत नाहीत. तिला खरी, टंकलिखित अक्षरे लागतात, आणि तीही युनिकोडमधील. जुन्या छापखानी फाँटात टंकलेला मजकूर पुष्कळ मोबाईलवर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. चित्र ठेवावयाचेच असेल, तर त्यामागे 'तूरडाळ, ५० किलोचे पोते' असे वर्णन लिहून ठेवण्याची सोय असते. आमच्या कारागिराने ती सर्वत्र रिकामी सोडली होती.

दुसरी अडचण चित्रांच्या वजनाची. काळी नदीच्या खोऱ्यातील डोंगर व दाट जंगल यांमुळे आपल्याकडे मोबाईलचा संदेश अनेक ठिकाणी क्षीण असतो. सेकंदास १०० किलोबिट इतकाच वेग मिळत असेल, तर ४ मेगाबाइटचे एक चित्र उतरण्यास पाच मिनिटांहून अधिक लागतात. आमच्या पहिल्याच पानावर अशी नऊ चित्रे होती! तीच चित्रे आकाराने लहान करून शंभर-शंभर किलोबाइटची केली; दिसण्यात फरक आम्हांस तरी ओळखता आला नाही.

मोबाईलच्या पडद्याचे म्हणावे तर, पानाच्या आरंभी पडद्याची रुंदी सांगणारी एक ओळ घालावी लागते. ती नसल्यास मोबाईल ते पान मोठ्या संगणकाचे समजून आकसून दाखवितो व अक्षरे मोहरीएवढी होतात. काही कारागीर बोटांनी अक्षर मोठे करण्याची मुभाच काढून टाकतात. साठी उलटलेल्या आमच्यासारख्यांवर तो उघड अन्याय होय. २०१० साली ईथन मार्कोट यांनी पडद्याप्रमाणे आपोआप मांडणी बदलणाऱ्या पानांची पद्धत मांडली, तेव्हापासून मोबाईलसाठी निराळे संकेतस्थळ करण्याचे कारण फारसे उरलेले नाही.

तेजी हिरव्या व मंदी तांबड्या रंगाने दाखविण्याची आपली सवयही तपासावी. ज्यांस हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांस भाव चढला की उतरला हे कळत नाही. रंगासोबत 'वाढ' किंवा 'घट' हा शब्द लिहावा. फिकट करड्या अक्षरांचा मोहही सोडावा. डब्ल्यूसीएजी नावाच्या जागतिक नियमावलीत अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ स १ असावे असे सांगितले आहे. तिची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली.

कायद्याचेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. दिव्यांगजनांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा केवळ सरकारी कचेऱ्यांपुरता नाही. सेवा देणाऱ्या खासगी संस्थांचाही त्यात उल्लेख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत असा निर्णय दिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तथापि आम्ही दुरुस्ती केली ती कायद्याच्या भयाने नव्हे, गेलेल्या गिऱ्हाइकासाठी, हे प्रांजळपणे सांगतो.

व्यापारी बंधूंनी आपले संकेतस्थळ दुकानातील सर्वांत स्वस्त मोबाईलवर, वायफाय बंद करून उघडावे. मग टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, एक पोते साखर मागवून पाहावी. आम्हांस पहिल्या खेपेस ते जमले नाही. नाव लिहिण्याच्या चौकटीवर 'नाव' असे लिहिलेलेच नव्हते, आणि 'पाठवा'ची कळ इतकी लहान व दुसऱ्या कळेला इतकी चिकटलेली होती की डोळे उघडे ठेवूनही बोट भलतीकडेच पडे. या सर्व दुरुस्तीस आठवडाभर लागला आणि खर्च मूळ रकमेच्या मानाने किरकोळ आला. आरंभीच सांगितले असते तर बहुधा तोही वाचला असता.

गेल्या दिवाळीपूर्वी त्या जुन्या गिऱ्हाइकाची मागणी संकेतस्थळावरून आली: सोनामसुरी, हरभराडाळ, गूळ. सोबत एक तक्रारही होती. 'कि.' असे तोडून लिहिलेले मोबाईल नुसते 'कि' म्हणून वाचतो, तेव्हा 'किलो' असे पूर्ण लिहावे. ती दुरुस्ती आम्ही त्याच दिवशी करविली.