लेकीचा अर्ज आणि आईची वाट

लेक अमेरिकेची नागरिक झाली, आईला कायमचं बोलावण्यासाठी तिने तिथे अर्ज केला, आणि खात्याचं पत्र आलं, ‘आणखी पुरावा द्या.’ आपलं घोडं पुष्कळदा नावापाशी अडतं. लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. बाई एकच, हे दाखवायला लग्नाचा दाखला, गॅझेट असे कागद लागतात. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतरही.

सगळं एकदाच पाठवायचं, पत्रातल्या मुदतीत. ती सहसा जास्तीत जास्त ८४ दिवसांची असते. अर्धेच कागद पाठवले तर खातं तेवढ्यावरच निकाल देतं.

मग थांबायचं. आपल्याला तारीख असते, खात्याला नसते! पावतीवर तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा नंबर असतो. तो खात्याच्या वेबसाईटवर टाकला की अर्ज कुठवर आला ते फुकट दिसतं. ‘पुरावे मिळाले’ एवढंच कित्येक महिने दिसलं तरी तो नकार नव्हे. ‘पैसे द्या, फाईल हलवतो’ म्हणणाऱ्या एजंटला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. त्यासाठी गटातून कर्ज मागाल, तर मी तरी सही करणार नाही. लेकीने तिकडे घर बदललं तर नवा पत्ता मात्र लगेच कळवायला सांगा, नाहीतर निकालाचं पत्र जुन्या दारात पडायचं.

आणि मंजुरी आली म्हणजे व्हिसा आला असं नाही. पुढे फी, कागद, वैद्यकीय तपासणी, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. तोवर म्हैस विकू नका, बचतीचा हप्ताही थांबवू नका.